'ये, ये' म्हणणारा पिंगळा, बकरी पिणारा रातवा : युरोपातल्या रात्रीच्या पाखरांची गावठी नावं

माळावरची | शनिवार, सकाळी

नमस्कार मंडळी. बरेच महिने वाचनमात्र होते, पण काल रात्री जे ऐकलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडेना म्हणून धागा काढतेय.

मी उत्तर जर्मनीत ल्युनेबुर्गच्या माळाच्या कडेला राहते. ऑगस्टात जांभळा होणारा तो प्रसिद्ध माळ, आत्ता जूनमधे नुसता करडा-हिरवा. काल शेजारच्या आजींना घेऊन (वय ८४, काठी टेकत पण माझ्यापुढे चालतात) रात्री सव्वादहाला तिथे गेले, इथे आत्ता दहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. पाच मिनिटं काहीच नाही आणि मग एकदम लांबून घर्रर्रर्रर्र सुरू झालं ते थांबेचना. श्वास घ्यायलाही थांबत नाही असं वाटतं. मधेच सूर जरा खाली उतरतो, परत वर चढतो, आजी म्हणाल्या तो मान वळवतोय. मग टाळी वाजल्यासारखे दोनचार फटके, ते पंखांचे, आणि पाइनच्या वाळक्या फांदीवरून एक लांबट सावली आमच्या डोक्यावरून आवाज न करता गेली. पंखांच्या टोकाला दोन पांढरे ठिपके दिसले तेवढेच.

हा युरोपातला रातवा. आजी त्याला म्हणतात त्सीगेनमेल्कर, म्हणजे बकऱ्यांची धार काढणारा. हे नाव नुसतं जर्मन नाही, अख्ख्या युरोपभर आहे. इटालियनमधे सुच्याकाप्रे, स्पॅनिशमधे चोताकाब्रास, रशियनमधे कोझोदोय, इंग्रजीत गोटसकर, सगळ्याचा अर्थ बकरी पिणारा नाहीतर पिळणारा. शास्त्रीय नाव काप्रिमुल्गस, तेही तेच. ॲरिस्टॉटलने इसवीसनापूर्वी चौथ्या शतकात लिहून ठेवलं की हा पक्षी बकरीच्या कासेला लागतो, मग कास आटते आणि बकरी आंधळी होते. पुढे रोमन लेखक प्लिनीने तेच लिहिलं आणि दोन हजार वर्षं लोक ते धरून बसले.

खरं काय तर संध्याकाळी कळपाभोवती माश्या-पतंग घोंगावतात, त्यांच्यामागे हा येतो. तोंड उघडलं की कानापर्यंत फाकतं, त्यामुळे धनगराला वाटलं असणार की एवढा जबडा दुधासाठीच. दिवसा जमिनीवर पाचोळ्यासारखा पडून राहतो, पाय पडेपर्यंत दिसत नाही. म्हणून त्याच्यावर काहीही आळ घेता आला.

मला या पाखरांची गावागावातली नावं जमवायचीत, एक वही केलीय. तुम्ही युरोपात जिथे असाल तिथलं एखादं नाव, गोष्ट, म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलेलं काहीही, इथे टाका ना.

नांदूरकर | शनिवार, दुपारी

ताई मस्त धागा!! रातवा आमच्याकडे पण भरपूर, म्हणजे जात वेगळी पण भाऊबंदच. रात्री गाडीच्या उजेडात रस्त्यावर दोन लाल निखारे दिसले की समजायचं रातवा बसलाय. नाशिकच्या बाजूला आपला भारतीय रातवा बोलतो ते टुक टुक टुक टुकर्र, बर्फावर खडा टाकल्यावर तो उड्या मारत जातो तसं, घर्रर्र नाही. तुमचा युरोपवाला पण कधीकधी आफ्रिकेकडे जाताना कच्छवरून जातो बरं का, तिथले पक्षीवाले पावसाळ्यानंतर त्याच्यासाठी मुद्दाम जाऊन बसतात.

एक विचारायचं होतं, तिकडच्या पिंगळ्याबद्दल काही आहे का? आपला पिंगळा आणि युरोपातला लहान पिंगळा एकाच वंशातले आहेत, अथीनी. आपल्याकडे तर पिंगळ्याची भाषा कळते म्हणून सांगणारे जोशी पहाटे दारात यायचे, माझ्या लहानपणी मी पाहिलेत, डोक्याला मुंडासं आणि हातात कुडमुडं.

माळावरची | शनिवार, संध्याकाळी

आहे का म्हणून काय विचारता, सगळ्यात अंगावर येणारी गोष्ट त्याचीच आहे.

जर्मन लोक त्याला श्टाइनकाउत्स म्हणतात पण जुन्या माणसांच्या तोंडी दुसरं नाव, टोटनफोगेल, म्हणजे मेलेल्यांचा पक्षी. त्याची एक हाक आहे किविट, किविट अशी. जर्मन कानाला ती "कोम मिट, कोम मिट" ऐकू येते, म्हणजे "चल माझ्याबरोबर". आता विचार करा, विजेच्या आधीचं खेडं, सगळा गाव काळोखात झोपलेला आणि एकाच घरात दिवा जळतोय, कारण तिथे कुणीतरी शेवटचं आजारी आहे आणि उशाशी घरचे बसलेत. उजेडाला पतंग येणार, पतंगाला पिंगळा येणार, आणि खिडकीबाहेर बसून म्हणणार चल माझ्याबरोबर. सकाळी माणूस गेलेलं. मग लोकांनी दुसरं काय समजायचं?

आजींनी हे सांगितलं तेव्हा त्यांनी आधी खिडकी लावून घेतली आणि मग बोलल्या. भीती नाही म्हणाल्या, सवय आहे, आई लावायची म्हणून.

वावेलचा_वाटसरू | शनिवार, रात्री

क्राकोवमधून. वरचं वाचून ऑफिसातल्या पोलिश मित्राला विचारलं तर तो हसला नाही, गप्प झाला, मग म्हणाला माझी आजी हे गाणं म्हणायची. पोलिशमधे त्या पिंगळ्याचं सरकारी, पुस्तकातलं नावच पुइच्का आहे, आणि पुइच म्हणजे ये! म्हणजे जर्मनांकडे ती नुसती समजूत आहे, इथे ते नावच होऊन बसलंय. आणि गाण्याची ओळ अशी: पुइच, पुइच, व्ह दोवेक, पोद कोश्चोवेक. अर्थ, ये ये, खड्ड्यात ये, देवळापाशी (म्हणजे चर्चच्या आवारातल्या दफनभूमीत). यमक किती छान आहे आणि अर्थ किती भयानक, मला तर पाठ झालं.

शेजारी चेक लोक त्याला सीचेक म्हणतात, त्यांनाही तो "ये, ये" म्हणतो असंच वाटतं. आणि त्यांच्याकडे त्यावरून क्रियापदच झालंय, सीचकोवात, म्हणजे सारखं वाईटच होणार असं बोलत राहणं. आपण म्हणतो ना अभद्र बोलू नको, तिथे म्हणतात सीचेकपणा करू नको.

सायली_एथेन्स | रविवार, सकाळी

मला इथे थोडं भांडायचंय :) त्याच पाखराला ग्रीसमधे कुणी मेल्यांचा पक्षी म्हणत नव्हतं, ते अथेनाचं पाखरू, बुद्धीच्या देवीचं. वंशाचं नाव अथीनी ते तिच्यावरूनच. अथेन्सच्या जुन्या चांदीच्या नाण्यांवर तोच बसलाय, आणि आजही ग्रीसच्या एक युरोच्या नाण्यावर तेच जुनं नाणं आहे, माझ्या पर्समधे आत्ता दोन आहेत. जुना ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने लिहिलंय की इराण्यांविरुद्धच्या सालामिसच्या समुद्री लढाईआधी (इ.स.पू. ४८०) घुबड येऊन जहाजाच्या दोरखंडांवर बसलं आणि ते बघून सैनिकांनी सेनापती थेमिस्टोक्लीसचं ऐकायचं ठरवलं. तेच पाखरू, तीच हाक, पण अर्थ बघा कुठून कुठे.

पण ग्रीसमधेही रडवणारं एक आहे, ग्योनिस. हे चिमुकलं घुबड, मराठीत याच्या भावंडांना कानाची घुबडं म्हणतात बहुतेक. उन्हाळ्यात रात्रभर एकच सूर, दर दोन-तीन सेकंदांनी, ग्यों... ग्यों... आमच्या बाल्कनीसमोरच्या झाडात असतो. गोष्ट अशी की दोन भाऊ होते, एकाने रागाच्या भरात संशयावरून दुसऱ्याला मारलं, नंतर कळलं की त्याचा काही दोष नव्हता, मग तो रडून रडून पक्षी झाला आणि तेव्हापासून भावाला नावाने हाका मारत फिरतोय. अल्बेनियातही ग्योन हेच त्या घुबडाचं नाव आणि हेच माणसाचंही नाव, तिथे गोष्टीत बहीण कोकिळा होते आणि कु? कु? म्हणत हिंडते. अल्बेनियन भाषेत कु म्हणजे कुठे.

नांदूरकर | रविवार, सकाळी

अंगावर काटा आला ताई. आपल्या पावशाचं पेरते व्हा पेरते व्हा पण असंच ना, पाखरू काय म्हणतंय ते ऐकणाऱ्याला कशाची काळजी आहे त्यावर ठरतं. शेतकऱ्याला पेरणी ऐकू येते आणि आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्याला चल माझ्याबरोबर.

कार्डिफची_मावशी | रविवार, दुपारी

मी २६ वर्षं वेल्समधे आहे, माझी मुलं वेल्श माध्यमातून शिकली त्यामुळे ही गोष्ट आमच्या घरात पाठ आहे, ती सांगते.

मध्ययुगीन वेल्श कथांमधे ल्याई नावाच्या तरुणाला शाप असतो की मनुष्यजातीतली बायको मिळणार नाही. मग माथ आणि ग्विदियन हे दोन जादूगार ओकचा मोहोर, ब्रूमची पिवळी फुलं आणि मेडोस्वीटची पांढरी फुलं घेऊन त्यातून एक बाई घडवतात, ब्लोदायवेद. तिला कुणी विचारलं नाही की तुला हे लग्न हवंय का. तिचं मन दुसऱ्यावर, ग्रोनूवर बसतं, दोघं मिळून नवऱ्याला मारायचा बेत करतात, बेत फसतो, आणि ग्विदियन तिला म्हणतो मी तुला मारणार नाही, त्याहून वाईट करीन, तुला पाखरू करीन, दिवसाउजेडी तोंड दाखवायची तुझी हिंमत होणार नाही कारण बाकीची सगळी पाखरं तुला टोचतील. ती घुबड होते. कथेतच पुढे म्हटलंय की आजच्या भाषेत घुबडाला ब्लोदायवेदच म्हणतात.

आता गव्हाणी घुबडाचा चेहरा डोळ्यापुढे आणा. तो पांढरा गोल, मधे चिरेसारखी घडी, पाकळ्या उमलल्यासारखा. हे ज्याने जोडलं त्याने घुबड फार जवळून पाहिलं असणार असं मला दरवेळी वाटतं. आणि दिवसा घुबड बाहेर पडलं की छोटी पाखरं खरंच त्याच्यामागे कलकलाट करत लागतात, ते मी आमच्या मागच्या अंगणात पाहिलंय.

दक्षिण वेल्समधे पोरं घुबडाला गुडीहू म्हणतात, हाकेवरूनच. आणि तुमच्या रातव्याला वेल्शमधे त्रोएलूर, म्हणजे सूत कातणारा.

माळावरची | रविवार, रात्री

मावशी, हे सूत कातणारा वाचून मी उठून बसले. कारण इंग्रजीत जुनं नाव व्हीलबर्ड सापडलं होतं मला आणि कळत नव्हतं चाकाचा काय संबंध. चरखा!

हेलसिंकी_रिटर्न | सोमवार, सकाळी

फिनिशमधे पण तेच. रातवा म्हणजे केहरॅया, कातणारा किंवा कातणारी, फिनिशमधे लिंग नसतं. आयरिशमधेही तूर्ना लीन, जवसाच्या धाग्याचा चरखा. म्हणजे दक्षिणेत जिथे बकऱ्यांचे कळप तिथे तो दूधचोर आणि उत्तरेत जिथे हिवाळाभर घरात चरखा फिरायचा तिथे तो कातणारा, असं ढोबळमानाने म्हणता येईल का? (इंग्लंड मधोमध आहे, त्यांच्याकडे दोन्ही.)

इथे शृंगी घुबडाच्या मोठ्या युरोपीय भावाला हूहकाया म्हणतात. २००७ मधे हेलसिंकीच्या ऑलिंपिक स्टेडियमवर फिनलंड विरुद्ध बेल्जियम मॅच चालू असताना एक हूहकाया मैदानात उतरला, गोलपोस्टवर जाऊन बसला, खेळ थांबवावा लागला. फिनलंड २-० जिंकलं. तेव्हापासून राष्ट्रीय फुटबॉल टीमचं नावच हूहकायात पडलं, आणि त्या घुबडाला, बुबी म्हणायचे त्याला, त्या वर्षीचा हेलसिंकीचा नागरिक म्हणून निवडलं. म्हणजे पाखरांची दंतकथा जुनीच असते असं नाही, ही आमच्या डोळ्यादेखत झाली.

आणि माझं सगळ्यात आवडतं नाव: ताइवानवुओही, आकाशबकरी. कोण ओळखतंय?

नांदूरकर | सोमवार, दुपारी

पाणलावा?? त्याचं शेपटीचं वाजवणं ऐकलंय रेकॉर्डिंगमधे.

हेलसिंकी_रिटर्न | सोमवार, दुपारी

बरोब्बर! संध्याकाळी आणि रात्री दलदलीवर उंच चढतो आणि तिरका सूर मारत खाली येतो, तेव्हा शेपटीची बाहेरची दोन पिसं फाकवतो आणि त्यातून वारा थरथरत जातो, अगदी बकरी बें-एं-एं करते तसा आवाज, पण वरून, आभाळातून, आणि वर काही दिसत नाही. जर्मनमधे पण हिमेल्सत्सीगं, आकाशबकरीच. लिथुएनियात तो पेरकूनासचा, म्हणजे गडगडाटाच्या देवाचा बोकड. आइसलँडवाल्यांना मात्र घोड्याचं खिंकाळणं ऐकू येतं, त्यांचं नाव घोडकोकीळ असं काहीसं होईल, आणि वसंतात त्याचा पहिला आवाज कुठल्या दिशेने आला त्यावर वर्ष कसं जाणार ते ठरतं, पूर्व आणि दक्षिण चांगली, पश्चिम वाईट.

अण्णा_सातारकर | सोमवार, रात्री

धागा वाचतोय, माहिती उत्तम. पण एक सांगावंसं वाटतं, राग मानू नये. या गोष्टी ऐकायला गोड आहेत, पण त्यांच्यामुळे पाखरं मेली आहेत. इंग्लंड-फ्रान्समधे वीज पडू नये, नजर लागू नये म्हणून गव्हाणी घुबडं मारून कोठाराच्या दारावर खिळ्यांनी ठोकायचे, पंख पसरून. हे पार एकोणिसाव्या शतकापर्यंत चालू होतं. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा असूनही दिवाळीच्या सुमाराला घुबडं चोरून विकली जातात, कशासाठी ते सगळ्यांना माहीत आहे. मी स्वतः एका गावात पोरांच्या हातातून पिंगळ्याचं पिल्लू सोडवून आणलंय, एक पंख मोडलेला होता, चार दिवस खिम्याचे तुकडे चिमट्याने भरवले, पाचव्या दिवशी गेलं. म्हणून मला "मेलेल्यांचा पक्षी" असलं नाव कौतुकाने घ्यायला जड जातं.

माळावरची | मंगळवार, सकाळी

अण्णा, राग कसला. तुमचं वाचून रात्री बराच वेळ झोप लागली नाही.

मला वाटतं ते असं. ज्यांनी दारावर घुबड ठोकलं त्यांनी ते पाहिलंच नव्हतं. रातव्याबद्दल गिल्बर्ट व्हाइट नावाच्या इंग्रज पाद्र्याने अठराव्या शतकात लिहिलंय की त्याच्या गावात वासरांना एक रोग व्हायचा, पकरिज, आणि लोक रातव्यालाही पकरिजच म्हणायचे, हा पक्षी चोच मारून रोग देतो म्हणून. त्याने लिहिलं की रोग खरा जनावराच्या पाठीत वाढणाऱ्या माशीच्या अळीने होतो. म्हणजे नाव खोटं ठरलं, पण ते नाव गोळा केलं म्हणूनच खोटं ठरवता आलं ना. यॉर्कशरमधे रातव्याला गॅबल रॅचेट म्हणायचे, बाप्तिस्मा व्हायच्या आधी गेलेल्या बाळांचे जीव रात्री तसे भटकतात म्हणून. हे नाव मी वहीत लिहिलं तेव्हा मला पाखराबद्दल नाही, त्या आयांबद्दल वाईट वाटलं, ज्यांना पाद्री सांगायचा की तुझ्या बाळाला दफनभूमीत जागा नाही.

आणि पुइच्कासारखं नाव मला पुसून टाकावंसं वाटत नाही, कारण त्यात ती हाक जशीच्या तशी आहे. इथे जुन्या फळबागा तोडल्या, ढोली असलेली सफरचंदाची झाडं गेली, तशी पिंगळे पण फार कमी झाले. ती हाक कशी होती ते पुढे नावावरूनच कळायचं.

रातव्याचं मात्र उलटं आहे. हा माळ उघडा राहतो तो हाइडश्नुकं मेंढ्या चरतात म्हणून, नाहीतर पाच-दहा वर्षांत त्यावर बर्च आणि पाइन माजतील आणि रातव्याला अंडी घालायला मोकळी जमीन उरणार नाही. दोन हजार वर्षं ज्याच्यावर कळपाचं दूध चोरल्याचा आळ, तो आज कळपाच्या जिवावर टिकून आहे.

अण्णा_सातारकर | मंगळवार, दुपारी

पटलं. मेंढ्यांचं तर फारच. सातारा-फलटणकडच्या माळांवर पण धनगर फिरायचा थांबला की माळ माळ राहत नाही, तिथे वनखातं झाडं लावून मोकळं होतं.

कार्डिफची_मावशी | मंगळवार, संध्याकाळी

आयर्लंडमधल्या माझ्या मैत्रिणीकडून एक, ती डोनेगलची. कॉर्नक्रेक म्हणून गवतात लपणारा पक्षी आहे, क्रेक्स क्रेक्स क्रेक्स असं रात्रभर ओरडतो, कंगव्याच्या दात्यांवरून नख फिरवल्यासारखं, शास्त्रीय नावही क्रेक्स क्रेक्सच. तिची आजी सांगायची तो पाठीवर पडून पाय वर करून ओरडतो, आभाळ खाली पडू नये म्हणून पायांनी तोलून धरतो.

नांदूरकर | मंगळवार, संध्याकाळी

मावशी!!! टिटवी!! आमची आजी हुबेहूब हेच टिटवीबद्दल सांगायची, पाय वर करून झोपते, आभाळ पडेल म्हणून. पंचतंत्रात पण आहे. आणि टिटवी पण रात्री ओरडते, ती पण जमिनीवर अंडी घालते. डोनेगल ते निफाड, कुठून कुठे.

वावेलचा_वाटसरू | मंगळवार, रात्री

बाप रे, हे खरंच भारी आहे.

छोटीशी भर: रात्री दलदलीत घुमणारा तो बगळ्याच्या कुळातला बिटर्न. पोलिशमधे बोंक, जर्मनमधे मोओक्सं म्हणजे दलदलीचा बैल, इंग्रजीत बुल ऑफ द बॉग, इटालियनमधे ताराबूझो, त्यातही बैलच. रिकाम्या बाटलीत फुंकर मारल्यासारखा आवाज, दोनतीन किलोमीटरवर आरामात जातो. ब्रिटनमधे १९९७ साली घुमणारे फक्त ११ नर उरले होते, मग पाणथळीतली बोरूची बनं राखली तेव्हा वाढले. ते मोजतातसुद्धा कानानेच, दिसतो कुणाला.

वऱ्हाडी_पोर | बुधवार, दुपारी

मी एवढे दिवस नुसती वाचत होती. माळावरची ताई, तुमच्या रातव्याचं रेकॉर्डिंग मी नेटवर शोधलं आणि काल रात्री आमच्या आजीले ऐकवलं, अकोल्याजवळच्या गावात असते, ८० च्या पुढची आहे, डोळ्याने आता कमीच दिसते पण कान शाबूत. काय आहे ते सांगितलं नाही, नुसता फोन कानाजवळ धरला. दोन मिनिटं ऐकत राहिली. मग म्हणे, "कोन फवारून रायलं एवढ्या रातचं?"

मी म्हणलं आजी पाखरू आहे, जर्मनीचं. तर म्हणे, "मंग फवाऱ्या म्हना त्याले."

माळावरची | बुधवार, रात्री

वहीत लिहिलं. जिल्हा अकोला, सांगणारीचं वय ८० च्या पुढे, फवाऱ्या.